नावे बाजू

वैराळ मॅडम फळ्यावर एक गोदाम उभारतात
आणि लगेच त्याला आग लावतात.
दर सोमवारी, सव्वा दोनला, वाशीच्या कॉलेजात,
तिसऱ्या मजल्यावर, जिथे पंखा
पुढच्या दोन बाकांपुरताच फिरतो.

"मेसर्स त्रिभुवन ट्रेडर्स. चौदा नोव्हेंबरची रात्र.
हिशेबाची पुस्तकं वाचली."
पुस्तकं नेहमीच वाचतात.
पोती जळतात, पत्रे वाकतात,
वह्यांना मात्र धग लागत नाही.
लागली तर आम्हाला गणित कुठून मिळणार?

रात्री तेच गोदाम मी घरी आणते, तुर्भ्याला.
आई मसाला मार्केटातून आलेली असते.
दिवसभर मिरचीचे देठ खुडते, किलोवर पैसे.
आता हातांना खोबरेल चोळून बसलीय,
बोटं फाकवून, कशालाच न शिवता.
डोळ्याला नाही, तांब्याला नाही.
माझी वही सरकवायची तर कोपराने.

आरंभीचा साठा ऐंशी हजार.
खरेदी चार लाख वीस.
मजुरी अडतीस हजार चारशे.
विक्री पाच लाख साठ, तिच्यावर पंचवीस टक्के ढोबळ नफा.
इथून उलटं चालत जायचं.
जे उरलं नाही ते किती होतं,
हे जे विकलं गेलं त्याला विचारायचं.
एक लाख अठरा हजार चारशे.
त्यातून धुरकटलेली, पण विकता येतील अशी पोती
अठरा हजार चारशेची.
म्हणजे जळाला बरोबर एक लाखाचा माल.
राखेचा आकडा इतका गोल आला
की मी पुन्हा एकदा बेरीज करते.

मग सरासरीचं कलम.
विमा अठ्ठ्याऐंशी हजार आठशेचाच काढलेला,
म्हणून दावा पंचाहत्तर हजारांचा.
उरलेल्या पंचवीस हजारांपुरती
शेठजी स्वतःच विमा कंपनी.

आई म्हणाली, मोठ्याने वाच की जरा.
वाचलं.
"आत कोण होतं?"
"कुठे?"
"गोदामात. रात्रीचं कोणीतरी असतंच.
आमच्या गाळ्यात तो गुलशन झोपतो,
धण्याच्या पोत्यांवर. बाहेरून कडी घालतात."

मी प्रश्न पहिल्यापासून वाचला.
शेठजी आहेत, विम्याचा सर्व्हेअर आहे,
अग्निशमनाचा खर्चसुद्धा आहे, तो वेगळा धरायचा.
झोपलेलं कोणी नाही.
मग बोट ठेवून दाखवलं, ही बघ, मजुरी.
म्हणजे माणसं होती.
"किती जणांत मिळून?"
ते दिलेलं नाही.
"कुठल्या बाजूला लिहिलीय?"
"नावे."
"कोणाच्या नावे?"
"कोणाच्या नाही गं. नुसतं नावे.
डावी बाजू. खर्च."
"अस्सं," आई म्हणाली, आणि तेलाच्या बोटांकडे बघत राहिली.
"मला वाटलं, शेवटी काहीतरी केलं
कोणाच्या तरी नावे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला,
मागे खलबत्त्यांच्या यंत्राची घरघर, कोणाच्या तरी शिंका.
"कडीचं बोलले मी मेहतांना.
म्हणाले, मावशी, पोरगा माल विकून पळाला तर?"
एवढंच. फोन ठेवला.

चाचणीत तेच गणित आलं, आकडे बदलून.
खाती जुळली. दावा काढला. खाली दोन रेघा मारल्या.
कार्यटीप एक, ढोबळ नफ्याचं प्रमाण.
कार्यटीप दोन, सरासरीचं कलम.
दहा मिनिटं शिल्लक होती, म्हणून
कार्यटीप तीन:
आग लागली तेव्हा गोदामात कोणी नव्हतं,
असं गृहीत धरलं आहे.

मॅडमनी त्याभोवती लाल गोल काढला,
शेजारी प्रश्नचिन्ह. गुण कापले नाहीत.

सोमवारी पुन्हा आग. या वेळी कापसाला.
वर्गात सगळ्यांनी समास पाडला,
आरंभीचा साठा लिहायला घेतला.
मी आधी टीप लिहिली.